कर्णबधिर बालकाचे साहाय्यक

फळीवरून पितळेचे ताट खाली पडते. त्या खणखणाटाने सारे घर दचकते. पाळण्यात जागे असलेले सहा महिन्यांचे बालक मात्र मान वळवीत नाही. ‘किती शांत मूल हे!’ असे आजी कौतुकाने म्हणते. पुढे दीड वर्ष लोटते, तरी बालकाच्या तोंडून ‘आई’ हा शब्द निघत नाही. ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात,’ असे म्हणून घरची माणसे मनाची समजूत घालतात. अशा रीतीने अमोल काळ वाया जातो.

हा काळ अमोल का? मूल भाषा शिकते ती मुख्यतः कानांनी. बोलू लागण्यापूर्वी अनेक महिने ते भोवतालचे बोलणे ऐकत असते. ज्याला शब्द ऐकूच येत नाहीत, त्याचा कंठ निर्दोष असूनही त्याला बोलणे शिकता येत नाही. अशा बालकास मंदबुद्धी समजणे हा त्याच्यावर अन्याय होय. उणीव श्रवणाची असते, बुद्धीची नव्हे.

म्हणून शंका येताच तज्ज्ञांकडे जावे. प्रथम कान-नाक-घशाचे डॉक्टर कान तपासतात. कानात मळ साचला असेल किंवा कान वाहत असेल, तर त्यावर उपचार करतात. मग श्रवणतज्ज्ञ ऐकण्याची परीक्षा घेतात. तान्ह्या बालकाची परीक्षा ते झोपेत असतानाही यंत्राने घेता येते. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. कुजबूज सुमारे ३० डेसिबलची, तर नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. बालकाला किती ऐकू येते हे कळले, म्हणजे त्याला योग्य असे श्रवणयंत्र निवडता येते.

चष्मा लावताच अक्षरे स्पष्ट दिसतात. श्रवणयंत्राचे मात्र तसे नाही. आवाज कानी पडू लागले, तरी त्यांचा अर्थ शिकावा लागतो. हे काम वाचा-उपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक चिकाटीने करतात. आईवडिलांनी तोच अभ्यास घरी रोज करून घेतला, तर त्यांच्या श्रमांना फळ येते. कित्येक मुले हातांच्या खुणांची सांकेतिक भाषाही शिकतात. तीही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे.

हे साहाय्य केवळ धनिकांसाठी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जाऊन मुलांना तपासतात आणि दोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवितात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाची तपासणी होते, तसेच या क्षेत्रातील तज्ज्ञही तयार होतात.

असे बालक पुढे शाळेत येते, तेव्हा त्याच्या सोबत्यांवरही एक जबाबदारी येते. मोठ्याने ओरडून काही साधत नाही. त्याच्या समोर उभे राहावे, ओठ दिसू द्यावेत आणि स्पष्ट बोलावे. त्याला समजले नाही, तर न हसता पुन्हा सांगावे. तज्ज्ञांनी शिकविलेले शब्द सोबत्यांच्या संभाषणातच वापरात येतात.