स्टँडबायवरचा कारभार

रात्रपाळीची वीज आली की थंडीत उठून विहिरीवर जायचे, हे टाळण्यासाठी मोबाइल स्टार्टर बसवतात. घरून फोन केला की मोटर सुरू. सर्व्हरला हीच सोय बीएमसी नावाची चिप देते. तिचा प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क सारे स्वतंत्र. सर्व्हर बंद असला तरी प्लगमधून येणाऱ्या स्टँडबाय विजेवर ती जागी असते. तापमान, पंख्यांची गती आणि बिघाडांची नोंद ठेवते, काळा पडलेला स्क्रीनही दुरून दाखवते. यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत सातबारा आता ऑनलाइन निघतो, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. मग सर्व्हरची काळजी यवतमाळने का करावी, असा प्रश्न येईल. उत्तर सोपे आहे: झरी जामणी तालुक्यातला शेतकरी ज्या यंत्रावर अवलंबून आहे ते त्याच्यापासून दूर आहेच, पण ते सांभाळणारा माणूसही बहुधा त्याच्या शेजारी बसलेला नसतो.

इतिहास थोडक्यात. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८मध्ये बीएमसीशी बोलण्याचा आयपीएमआय हा सामाईक नियम आणला, त्याची २.० आवृत्ती २००४ची, आणि २०१५मध्ये वेबच्या भाषेत बोलणारा रेडफिश आला. खरी गंमत बीएमसीला आदेश देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. चाळीस यंत्रांना एकच आदेश द्यायला चार ओळी पुरतात. शहाणपण त्या ओळींच्या मधल्या थांबण्यात असते. ‘सॉफ्ट’ आदेश ऑपरेटिंग सिस्टिमला नीट बंद होण्याची विनंती करतो, पण गोठलेली सिस्टिम ती ऐकतच नाही. ‘सायकल’ सरळ वीज तोडतो, अर्धवट लिहिलेल्या नोंदींची पर्वा न करता. त्यात आयपीएमआयचे संदेश पोहोचल्याची खात्री न देणाऱ्या यूडीपीने जातात. उत्तर वाटेत हरवले, तर आदेश पोहोचलाच नाही की पाळला गेला, हे स्क्रिप्टला कळत नाही. ‘ऑन’ दोनदा पाठवला तर बिघडत नाही. ‘सायकल’ दोनदा गेला, तर नुकते उठू लागलेले यंत्र पुन्हा पडते. म्हणून चांगली स्क्रिप्ट आधी स्थिती विचारते, आणि वीज चालू म्हणजे सिस्टिम जिवंत, असे धरून चालत नाही.

एवढा अधिकार असलेल्या चिपचे कुलूप मात्र कच्चे आहे. आयपीएमआय २.०मध्ये वापरकर्त्याचे नाव ठाऊक असले, की ओळख पटण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश समोरच्याला देऊन टाकते. मग तो निवांत फोडता येतो. हा एखाद्या कंपनीचा हलगर्जीपणा नाही, नियमातच तसे लिहिले आहे, आणि डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने २०१३मध्येच त्यावर बोट ठेवले होते. व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे ठेवले की झाले, असे यावर सांगतात. ते ठेवलेच पाहिजे, पण पुरत नाही: सर्व्हरवर रूटचा अधिकार मिळालेल्याला आतल्या वाटेने, बहुतेक यंत्रांत पासवर्डशिवाय, बीएमसीवर नवा वापरकर्ता तयार करता येतो. डिस्क पुसली, सिस्टिम नव्याने टाकली, तरी तो वापरकर्ता तिथेच राहतो. रेडफिशने हॅशची अडचण टाळली, पण २०२५मध्ये एएमआयच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये रेडफिशच्याच वाटेने ओळख न पटवता आत शिरता येते, असे उघड झाले. मग फर्मवेअर अद्ययावत ठेवा, आवृत्ती स्क्रिप्टने तपासा, हा पुढचा सल्ला. २०२१मध्ये उजेडात आलेले आयएलओब्लीड हे एचपीच्या आयएलओ या बीएमसीमध्ये बसणारे मालवेअर नेमके इथे फसवत होते: अपडेट गुपचूप अडवायचे आणि विचारणाऱ्याला नवा आवृत्ती क्रमांक दाखवायचे. स्क्रिप्ट तो क्रमांक वाचून त्या यंत्रापुढे ‘ठीक’ लिहून मोकळी होणार.