आजीच्या चेहऱ्याची आग : घासू नका, लपवू नका

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असते. पांढऱ्या साडीतल्या आज्या पुढे बसतात. एखादी मात्र मागे भिंतीशी सरकते आणि पदर नाकापर्यंत ओढते. तिच्या गालांवर, नाकावर लालसर-काळपट झाक आलेली असते, बारीक पुळ्या उठलेल्या असतात. कोणी म्हणते उष्णता आहे, कोणी म्हणते मोठा रोग असेल. आणि एखाद्या आबांचे नाक असे लाल होऊन सुजले, की वस्तीत कुजबुज सुरू होते, ‘चोरून घेत असतील.’ ज्या माणसाने पाचवे शील आयुष्यभर पाळले, त्याला हे ऐकून काय वाटत असेल?

या त्रासाचे नाव बहुतेक वेळा आपल्याला माहीतच नसते. डॉक्टर त्याला रोझेशिया म्हणतात. दारूने हा आजार भडकतो हे खरे आहे. पण ज्याने थेंबही घेतला नाही त्यालाही तो होतो. म्हणून चेहरा बघून माणसाची पारख करू नये. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, नातवंडाचा पापा घेतल्याने तो पसरत नाही.

ओळखायचा कसा?

पुस्तकातली चित्रे गोऱ्या कातडीची असतात, तिथे लाली लगेच दिसते. आपल्या सावळ्या रंगात ती लपते. म्हणून रंगापेक्षा आजीला काय जाणवते ते विचारा. चुलीपुढे बसल्यावर, उन्हातून आल्यावर, गरम चहा किंवा झणझणीत कालवण घेतल्यावर तोंडातून वाफा निघाल्यासारखे वाटते का? साबण लावला की चुरचुरते का? गाल, नाक, कपाळ, हनुवटी इथेच त्रास आहे का? पुळ्या येतात, पण तरुणपणीच्या मुरमांसारखे काळे ठिपके नसतात. काहींचे डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. पुरुषांमध्ये कधी कधी नाकाची कातडी जाड होत जाते.

जामखेड, पाथर्डी, बीड या पट्ट्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांचे आयुष्य ऊसतोडीत, खडी फोडण्यात, रोजगार हमीच्या कामावर गेले. वर ऊन, घरी चूल, डोक्यावर पत्रा. ऊन आणि धग ही दोन्ही या आजाराला भडकवणारी कारणे आहेत. त्यात वयानुसार कातडी पातळ आणि कोरडी होते. तिला जोर सोसत नाही.

रोजची निगा

चेहरा दिवसातून दोनदाच धुवा. पाणी कोमट किंवा साधे घ्या, कढत नको. कपड्याचा साबण तोंडाला कधीही लावू नका. अंगाचा साबण चुरचुरत असेल तर वास नसलेला सौम्य फेसवॉश थोडासा घ्या; तोही सोसत नसेल तर नुसते पाणी पुरे. बोटांच्या टोकांनी हलकेच धुवा. घासणी, दगड, खरखरीत टॉवेल नको. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेऊन चेहरा टिपा, पुसू नका.

चेहरा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावा. ते परवडत नसेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावून बघा. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा मानेला थोडीशी लावा, दोन-तीन दिवस थांबा, मगच चेहऱ्यावर घ्या.

बाहेर पडताना सावली सोबत न्या : छत्री, पदर, रुंद काठाची टोपी. सनस्क्रीन घेता आले तर झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले घ्या. चूल असेल तर धग तोंडावर येणार नाही असे बाजूला बसा आणि तरुण हातांनी थोडा वेळ तिथे बसावे. चहा बंद करायची गरज नाही, थोडा निवू द्या. कशाने आग होते ते प्रत्येकाचे वेगळे असते. आठवडाभर लक्ष ठेवा म्हणजे कळेल.

लिंबू, बेसनाचा लेप, टूथपेस्ट, तुरटी, कापराचे किंवा पुदिन्याचे बाम चेहऱ्याला लावू नका. वाफही घेऊ नका. दाढी करणाऱ्या आबांनी नवे पाते वापरावे आणि नंतर तुरटी फिरवू नये.

सर्वांत मोठा धोका : ती छोटी ट्यूब

मेडिकलमधून ‘चेहऱ्याला काहीतरी द्या’ म्हणून आणलेली ट्यूब अनेक घरांत असते. नात ती गोरे होण्यासाठी लावते, आजी पुळ्यांसाठी. त्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे शब्द असतील तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा शांत होतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे कातडी आणखी पातळ होते, लाली आणि पुळ्या दुप्पट होतात आणि ट्यूब सोडली की आग भडकते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती यासाठीच. बरेच महिने वापरत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कशी सोडायची ते विचारा.

आणि मुळात गोरे व्हायचेच कशाला? बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला. तो ट्यूबमधून विकत घ्यावा लागत नाही.

जामखेडचा धडा

चेहऱ्यावर काही दिसले की आपल्याकडे पहिली भीती कुष्ठरोगाची. या भीतीवर जामखेडनेच उपाय दाखवला आहे. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित वस्त्यांतल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्या बाया गावात बाळंतपणे करू लागल्या, कुष्ठरोगाची लक्षणे ओळखू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण खरी कमाई ही, की माहिती वस्तीतल्या बाईच्या हाती आली आणि भीती कमी झाली.

तीच माहिती इथे उपयोगी आहे. रोझेशियात आग होते, चुरचुरते. कुष्ठरोगाचा चट्टा पुष्कळदा बधिर असतो. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे केस गळतात. असे काही दिसले तर लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

डोळे लाल होऊन दुखत असतील, अंधुक दिसत असेल. लालीबरोबर ताप, सांधेदुखी, तोंडात फोड असतील. नाक जाड होत असेल. किंवा महिनाभर निगा राखूनही फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो. त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रोझेशिया मुळासकट जात नाही, पण लावायच्या व पोटात घ्यायच्या औषधांनी चांगला ताब्यात राहतो.

आजारी पडलेल्या भिक्खूकडे कोणी बघत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले-पुसले, हे आपण वाचनात ऐकतो. आज घरी एवढेच करा : आजीच्या उशाखालची ट्यूब उजेडात आणून तिच्यावरचे नाव वाचा, तिच्यासाठी मऊ सुती फडके वेगळे ठेवा आणि विहारात तिला पुढच्या रांगेत घेऊन बसा.