पोराचं वाचन अडतं, आजोबांची वाचा जाते: दोन्ही आजार एक नव्हेत

तिसरीतलं पोरगं बोलायला चुणचुणीत, पण वाचताना 'भ' आणि 'म' मध्ये गोंधळतं, जोडाक्षर आलं की थांबतं. असं कायमच होत असेल तर तो डिस्लेक्सिया असू शकतो. ही अडचण जन्मजात असते, अकलेशी तिचा संबंध नाही. मारून ती जात नाही, शिकवायची पद्धत बदलावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो.

कालपर्यंत बाजारभाव घडाघडा सांगणाऱ्या आजोबांना सकाळी शब्दच सापडेनात, तर मामला वेगळा. हा अफेझिया, म्हणजे वाचाघात. मेंदूला इजा झाली की येत असलेली भाषा जाते. मुख्य कारण लकवा. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, म्हणून सोबत उजवा हातही लुळा पडू शकतो.

इथे मालिश, अंगारा यात वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. १०८ ला फोन लावावा, त्रास कधी सुरू झाला ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

पोराला वेळ द्यायचा असतो, आजोबांच्या बाबतीत तो वाचवायचा असतो.