धोका माणसात नव्हे, कामाच्या मांडणीत

व्यावसायिक आरोग्यशास्त्रात ‘मनोसामाजिक धोका’ ही संज्ञा कर्मचाऱ्याच्या स्वभावाला नव्हे, तर कामाच्या मांडणीला उद्देशून वापरली जाते. न पेलणारा बोजा, परस्परविरोधी आदेश, वारंवार होणारा पाणउतारा, नोकरीची अशाश्वती हे असे धोके होत. त्यांच्यामुळे मनाला वा शरीराला इजा होण्याची शक्यता किती आणि ती इजा किती गंभीर असेल, याचा अंदाज म्हणजे ‘जोखीम’. हा भेद ध्यानात घेतला, की ज्याला ताण झेपत नाही तो माणूसच कच्चा, ही कार्यालयांत रुजलेली समजूत टिकत नाही.

या विचाराला शास्त्रीय बैठक मिळाली ती प्रामुख्याने रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानामुळे. कामाचा रेटा मोठा, पण ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा अल्प, अशा स्थितीत ताण सर्वाधिक असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८५ मध्ये लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही ज्यांचे आपल्या कामावर नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे जबाबदारीच्या ओझ्याखालील साहेबापेक्षा हुकूम झेलणारा कारकून अधिक जोखमीत होता.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये कामाचा भार, नियंत्रण, पाठबळ, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलाची हाताळणी हे सहा निकष ठरवले, तर २०२१ मध्ये मनोसामाजिक जोखमीविषयी ‘आयएसओ ४५००३’ हे मार्गदर्शक मानक प्रसिद्ध झाले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून पुढे आलेल्या २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अंतर्गत समिती बंधनकारक केली. मात्र त्याची व्याप्ती महिलांच्या लैंगिक छळापुरती आहे.

अशा जोखमीच्या व्यवस्थापनाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बँकेच्या एखाद्या शाखेत रोज रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टार्गेटची यादी पडत असेल, मागे राहिलेल्यांची नावे लाल रंगात येत असतील आणि सकाळी तीच नावे सर्वांदेखत वाचली जात असतील, तर अतिभार, अपमान आणि विश्रांतीचा लोप हे तीन धोके तेथे एकत्र नांदतात. रजा, बदलीचे अर्ज आणि कामाचे प्रत्यक्ष तास यांच्या नोंदी पाहून, तसेच कर्मचाऱ्यांची मते निनावी घेऊन जोखीम जोखता येते. त्यानंतर प्रथम यादी बंद करणे, उद्दिष्टे उपलब्ध मनुष्यबळाशी जुळवणे व रात्रीच्या संदेशांना वेळेची मर्यादा घालणे, मग शाखाधिकाऱ्याला प्रशिक्षण देणे आणि अखेरीस त्रस्त व्यक्तीला समुपदेशन पुरवणे, असा क्रम सुरक्षाशास्त्र सांगते, कारण धोका उगमाशी रोखणे हे त्याचे मूळ तत्त्व आहे. यंत्राचा कर्कश आवाज कमी न करता केवळ कानात घालायचे बोळे वाटणे जितके अपुरे, तितकेच मूळ कारणे तशीच ठेवून योगशिबिर भरवणेही अपुरे ठरते.

उपायांचा फेरआढावा घेताना किती जणांनी समुपदेशन घेतले, या आकड्यावर समाधान मानणे फसवे असते. रात्री दहानंतर शाखेतील कोणाचा फोन वाजतो का आणि झालेली चूक कर्मचारी निर्धास्तपणे वरिष्ठांना सांगतो का, हीच त्यांची खरी कसोटी होय.