सावलीतही फुलते सुगंधी बाग

झोपडी गेली आणि पक्के घर मिळाले, ही मुंबईतल्या हजारो कष्टकरी कुटुंबांची गेल्या तीस वर्षांतली कहाणी आहे. १९९५ साली सुरू झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून अनेकांच्या डोक्यावर स्लॅब आला, घरात नळ आला, संडास आला. पण एक गोष्ट मागे राहिली. झोपडीच्या दारात तेलाच्या डब्यात वाढवलेला मोगरा, त्याच्या शेजारची जास्वंद, दोन-चार मिरच्या. यातल्या अनेक इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांना ऊन दिसत नाही. डबा उचलून खिडकीत आणला तरी मोगऱ्याला पाने येतात, कळी येत नाही. मग घरातली माऊली म्हणते, "माझ्या हातालाच आता यश नाही."

ताई, दोष तुमच्या हाताचा नाही. मोगरा, गुलाब, जास्वंद ही उन्हातली झाडे आहेत. पाच-सहा तास ऊन मिळाले तरच ती मनापासून फुलतात. निसर्गात मात्र दाट रानात, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढणारी झाडेही आहेत. त्यांना सावली हीच मानवते. अशी झाडे निवडली तर उन्हाविनाही घराला रंग आणि सुगंध मिळू शकतो.

आधी उजेड मोजा

झाड आणण्यापूर्वी जागेची पारख करावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरा. हाताची सावली ठळक पडली तर उजेड भरपूर आहे. पुसट पडली तर मध्यम आहे. सावलीच पडली नाही, तर ती जागा काळोखी समजावी. तिथे कुठलेच झाड फार दिवस तग धरणार नाही. असे झाड आठवड्याआड उजेडाच्या जागी हलवत राहावे.

रंगीत पानांचा जमाखर्च

सावलीत फुले कमी, म्हणून शोभा पानांची. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पाने अंधाऱ्या कोपऱ्यात उठून दिसतात. पण अशा पानांचा हिशेब समजून घ्यायला हवा. हिरव्या भागात हरितद्रव्य असते. तेच उजेडाच्या साहाय्याने झाडाचे अन्न तयार करते. पांढऱ्या भागात ते नसते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर हिरवा भाग कमावतो आणि पांढरा भाग त्या कमाईवर जगतो. म्हणूनच पांढऱ्या पट्ट्यांचे झाड हळू वाढते, आणि फार कमी उजेडात मनीप्लँटसारख्या वेलाची नवी पाने हिरवी येऊ लागतात. झाडाला एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती वेळीच छाटावी. कमाई जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि रंगीत फांद्यांना मागे टाकते.

पिवळ्या काठाचे स्नेक प्लँट आता घरोघरी दिसते. पश्चिम आफ्रिकेतले हे झाड कमी उजेड आणि कमी पाणी दोन्ही सोसते. त्याच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तरी नवे रोप येते, पण त्या रोपाला पिवळा काठ नसतो, ते साधे हिरवे निघते. काठ टिकवायचा असेल तर मुळाशी फुटलेले पिल्लूच वेगळे करून लावावे.

मक्यासारखी लांब पाने आणि मधोमध पिवळा पट्टा असलेली ड्रेसिना नर्सरीत सहज मिळते. तिचे शास्त्रीय नावच 'ड्रेसिना फ्रॅग्रन्स', म्हणजे सुगंधी ड्रेसिना. झाड जुने झाले की कधीतरी तुरा येतो. त्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचा वास साऱ्या मजल्यावर दरवळतो. घरातल्या कुंडीत हा योग क्वचितच येतो, म्हणून ते झाड पानांसाठीच लावावे. तुरा आला तर तो बोनस समजावा.

सुगंधासाठी तीन झाडे

पहिले झाड पानओव्याचे. जाड, लवदार पाने चुरगाळली की ओव्याचा वास येतो. मसाल्यातला ओवा मात्र वेगळ्या झाडाचा. पानओव्याची पांढऱ्या काठाची जातही मिळते, म्हणजे रंग आणि वास दोन्ही एकाच कुंडीत. बोटभर फांदी खोचली की मूळ धरते. त्याला भरपूर उजेडाची सावली लागते आणि पाणी बेताचे. जास्त पाण्याने ते सडते. पानांची भजी तर मुलांच्या आवडीची.

दुसरे झाड अन्नपूर्णाचे. ही केवड्याच्या कुळातली, पण घरगुती आकाराची वनस्पती आहे. भात शिजताना पानाचा तुकडा टाकला की आंबेमोहोराची आठवण यावी असा वास सुटतो. हा नुसता भास नाही. बासमतीला ज्या द्रव्यामुळे सुगंध येतो, तेच द्रव्य या पानात असते. रेशनच्या तांदळालाही घरच्या कुंडीतून सुगंध देता येतो. तिला ओलावा आणि अर्धी सावली आवडते. बुंध्याशी फुटणारी पिल्ले काढून नवी कुंडी करावी.

तिसरा सोनटक्का. पांढऱ्या फुलपाखरासारखे त्याचे फूल संध्याकाळी उमलते. क्युबाचे हे राष्ट्रीय फूल मूळचे आपल्याच पूर्व हिमालयाकडचे आहे. त्याला सकाळचे तास-दोन तास कोवळे ऊन तरी हवे, अगदी काळोखात तो फुलत नाही. मे-जूनमध्ये त्याचा गड्डा रुंद कुंडीत उथळ लावावा, माती सतत ओली ठेवावी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले येतात. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो मुळापासून कापावा.

परदेशी मोहापासून सावध

थंड देशांत सावलीच्या बागेची राणी म्हणजे होस्टा. ती मूळची चीन, जपान, कोरियाची. हिरव्या-पांढऱ्या रुंद पानांचे तिचे फोटो पाहून कुणालाही भुरळ पडावी. चीनमधल्या एका जातीची पांढरी फुले संध्याकाळी उमलून दरवळतात, आणि सुगंधी संकरित होस्टांना तो वास तिच्याकडूनच आला आहे. पण होस्टाला दरवर्षी काही आठवडे कडक थंडीत झोप लागते. ती मुंबईच्या हवेत मिळत नाही, म्हणून झाड क्षीण होत मरते. शिवाय रंगीत होस्टाच्या बियांपासून सहसा साधी हिरवी रोपेच येतात. मोबाइलवर तिच्या बिया किंवा कंदांच्या जाहिराती दिसल्या तर घामाचा पैसा त्यात घालू नका.

मुले, डास आणि पाणी

सावलीतली काही सुंदर झाडे तोंडात घालायची नाहीत. डिफेनबेकिया, कॅलेडियम आणि मनीप्लँट यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूची खाज ज्यामुळे होते तेच हे. रांगत्या मुलाने पान चावले तर तोंडात आग होते, सूज येते. अशा वेळी तोंड स्वच्छ करून डॉक्टरांकडे जावे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ही झाडे उंचावर टांगावीत किंवा आणूच नयेत.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा नुसती ओतू नये, घासून कोरडी करावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. सावलीत माती उशिरा वाळते. बोट इंचभर खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. सोनटक्का आणि अन्नपूर्णा तेवढे याला अपवाद. डब्याला तळाशी भोके हवीतच. कुंडी ग्रिलच्या आत, पडणार नाही अशी ठेवावी आणि सामायिक पॅसेजमधला येण्याजाण्याचा रस्ता अडवू नये.

एक शेवटची गोष्ट. सावलीत जगणारी झाडे आहेत म्हणून माणसांनी अंधारात राहावे, असा अर्थ कुणी काढू नये. घरात उजेड आणि वारा यावा ही मागणी सोसायटीच्या सभेत आणि नव्या योजनेच्या नकाशावर ठामपणे मांडलीच पाहिजे. तोवर येत्या जूनमध्ये मजल्यावरच्या चार घरांनी मिळून अन्नपूर्णाचे आणि सोनटक्क्याचे एकेक रोप आणावे. वर्षा-दोन वर्षांत त्याची पिल्ले फुटतील. ती विकत घ्यायची नाहीत, एकमेकांच्या दारात पोहोचवायची.