चुंबकांबरातील विद्युत् भारित कण येतात कोठून?

पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे. त्याची सत्ता अवकाशात जेथवर चालते, त्या प्रदेशास चुंबकांबर म्हणतात. या प्रदेशात अतिवेगवान विद्युत् भारित कण साठलेले आहेत, हे १९५८ साली ‘एक्सप्लोरर-१’ या उपग्रहावरील उपकरणामुळे जेम्स व्हॅन ॲलन यांच्या ध्यानात आले. हे कण येतात तरी कोठून?

सूर्यापासून मुख्यत्वे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने सतत वाहत असतो. यालाच सौरवात म्हणतात. चुंबकांबरातील कण त्यातूनच येत असावेत, असा प्रारंभी सर्वसाधारण समज होता. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-निरीक्षणांनी या समजाला तडा गेला. चुंबकी वादळाच्या वेळी तेथे एकच इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजनचे अणू आढळले. सूर्याच्या बाह्य वातावरणाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याने तेथून येणाऱ्या ऑक्सिजनच्या अणूने बहुधा सहा-सात इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. तेव्हा हे अणू सूर्याचे नव्हेत; ते पृथ्वीच्याच आयनांबरातून, विशेषतः ध्रुवांजवळच्या प्रदेशातून, वर चढलेले होते.

तिसरा उगम विश्वकिरणांचा. ते वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांपैकी काही अवकाशात जाताना विघटन पावतात आणि त्यांतून निघालेले प्रोटॉन व्हॅन ॲलन पट्ट्यांपैकी आतील पट्ट्यात अडकून राहतात.

ही चौकशी केवळ जिज्ञासेपोटी नाही. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकी वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला. अशा वादळात पृथ्वीभोवती विद्युत् प्रवाहाचे एक कडे बळावते आणि भूपृष्ठावरील चुंबकी क्षेत्र क्षीण होते. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून या चढउतारांची नोंद होत आहे. मोठ्या वादळात या कड्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा पृथ्वीच्याच ऑक्सिजनकडे असू शकते.

२ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले भारताचे ‘आदित्य-एल१’ यान सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून सौरवाताचे मोजमाप करते. ते अत्यंत मोलाचे आहे. तथापि वादळ किती वाढेल, हे सूर्याकडून काय आले यावरच ठरत नाही. पृथ्वीने स्वतः त्यात किती भर घातली, हेही पाहावे लागते.