मंद्र स्वरांचा भार : मोटारीतील विवर्धक आणि सबवूफर

मोटारीत संगीत ऐकताना मृदंगाची थाप नुसती कानी पडून भागत नाही. ती अंगालाही जाणवावी, अशी रसिकाची अपेक्षा असते. सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतेचे हे मंद्र स्वर काढण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठ्या शंकूचा जो खास ध्वनिक्षेपक वापरतात, त्यास सबवूफर म्हणतात. त्याला शक्ती पुरविणारे यंत्र म्हणजे विवर्धक, अर्थात ॲम्प्लिफायर. या दोहोंचा मेळ बसला नाही, तर स्वर तर बिघडतोच, शिवाय विवर्धक किंवा ध्वनिक्षेपकाचे वेटोळे जळून जाण्याचाही संभव असतो.

संरोध म्हणजे काय?

राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली ज्या प्रकारचा ध्वनिक्षेपक पुढे आणला, त्याच तत्त्वावर आजचा सबवूफर चालतो. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवेला हेलकावे देतो. वेटोळे प्रवाहाला जो विरोध करते, तो ओहममध्ये मोजतात. विद्युत् दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडला. दाबाला रोधाने भागले असता प्रवाह मिळतो, हाच तो नियम होय. परंतु संगीताचा प्रवाह सतत दिशा बदलणारा असल्यामुळे वेटोळ्याचा विरोध प्रत्येक स्वरागणिक निराळा असतो. या एकंदर विरोधास संरोध म्हणतात. ध्वनिक्षेपकावर छापलेला ‘४ ओहम’ हा आकडा म्हणजे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले नाममात्र मूल्य होय.

जोडणीचे दोन प्रकार

वेटोळी एकापुढे एक जोडली, तर ती एकसरी जोडणी. तीत संरोधांची बेरीज होते. सर्वांची धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र जोडली, तर ती समांतर जोडणी. तीत प्रवाहाला अनेक वाटा मिळतात आणि एकूण संरोध घटतो. सारख्या वेटोळ्यांच्या बाबतीत एकाच्या संरोधाला त्यांच्या संख्येने भागावे.

पुष्कळ सबवूफरांत दोन वेटोळी असतात. प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी असलेले दोन सबवूफर आपल्यापाशी आहेत असे समजू. चारही वेटोळी समांतर जोडली, तर एकूण १ ओहम. चारही एकसरी जोडली, तर १६ ओहम. प्रत्येक सबवूफरमधील दोन वेटोळी एकसरी जोडून नंतर दोन्ही सबवूफर समांतर जोडले, तर ४ ओहम. साहित्य तेच, पण विवर्धकावरील भार सोळापट बदलला.

संरोध घटला की भार वाढतो

विवर्धकाने ४० व्होल्ट दाब दिला असे धरा. ४ ओहमच्या भारातून १० अँपिअर प्रवाह वाहतो व ४०० वॉट शक्ती मिळते. २ ओहमला २० अँपिअर व ८०० वॉट. १ ओहमला ४० अँपिअर व १६०० वॉट. ‘कमी ओहम, जास्त आवाज’ या समजुतीचे मूळ येथे आहे. परंतु हा वाढीव प्रवाह विवर्धकातील ट्रँझिस्टरांना वाहावा लागतो. कारखानदाराने २ ओहम ही खालची मर्यादा दिली असता १ ओहमचा भार जोडला, तर ट्रँझिस्टर तापतात. संरक्षक योजना असल्यास यंत्र बंद पडते, नसल्यास जळते. दोन वाहिन्या जोडून एक केलेल्या विवर्धकात तर प्रत्येक वाहिनीला भार निम्म्याच ओहमचा भासतो. म्हणून अशा जोडणीची मर्यादा निराळी पाहावी.

शिवाय शक्ती येते ती मोटारीच्या विद्युत् व्यवस्थेतूनच. ८०० वॉटसाठी, शेकडा ८० कार्यक्षमता धरल्यास, १००० वॉट घ्यावे लागतात. म्हणजे साडेतेरा व्होल्टला सुमारे ७४ अँपिअर. यास्तव पुरवठ्याची तार पुरेशी जाड हवी आणि योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट हवा. अन्यथा तार कोठे घासून उघडी पडली, तर आग लागण्याचा धोका असतो.

एवढे करून लाभ किती? शक्ती दुप्पट झाली, तर ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यास सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. किंचित वाढीसाठी यंत्राची मर्यादा ओलांडणे हा तोट्याचा व्यवहार होय.

जोडण्यापूर्वी

प्रथम विवर्धकाची किमान संरोधाची मर्यादा पाहावी व तिच्या खाली न जाणारी जोडणी निवडावी. शक्तीची तुलना करताना क्षणिक कमाल आकडा सोडून अखंड शक्तीचाच आकडा घ्यावा. भिन्न संरोधांचे सबवूफर एकत्र जोडू नयेत. शक्तीची वाटणी विषम होते. धन-ऋण टोके उलटी पडल्यास एक शंकू पुढे तर दुसरा मागे जातो आणि मंद्र स्वर परस्परांना मारतात. शेवटी विवर्धकाला तारा लावण्याआधी मल्टिमीटरने एकूण रोध मोजावा. ४ ओहमच्या जोडणीत तो साडेतीनच्या आसपास दिसतो, कारण मल्टिमीटर केवळ तारेचा रोध मोजतो. तो एकाहूनही कमी दिसला, तर जोडणी चुकली असे समजावे. ही दोन मिनिटांची तपासणी विवर्धकाला वाचवू शकते.